लेकीच्या गावातली हॉटेलं

पिंपरीला बहिणीकडे चार दिवस राहिलो आणि चारही दिवस हॉटेलात जेवलो, असं सांगितलं की आमच्याकडचे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "का, बहिणीनं घातलं न्हाई का?" तिनं घातलं असतं. फ्रीजमध्ये निवडलेली मेथी होती, डब्यात ज्वारीचं ताजं पीठ होतं, आणि आईनं पाठवलेलं येसर, आमच्याकडचा आमटीचा मसाला, तिनं झाकण घट्ट लावून जपून ठेवलं होतं. अडचण नानांची होती.

नाना म्हणजे आमचे वडील. आमच्या भागात, अंबाजोगाईच्या आसपासच्या खेड्यांत, जुनी माणसं लेकीला पहिलं मूल होईपर्यंत तिच्या घरी अन्न घेत नाहीत. पाणीही घेत नाहीत. एकदा नातवंड झालं की आजोबांनी हवं तितकं जेवावं. बहुतेकांचा हा नियम वर्ष-दोन वर्षांत आपोआप सुटतो, त्यामुळे तो कुणाला फारसा जाचत नाही. ताईच्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली. मूल नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, आणि दोघांनी ते सगळं आता थांबवलं आहे. म्हणजे नियम सुटायची वाटही बंद झाली.

याआधी नाना दोनदा पिंपरीला जाऊन आले होते. रात्रीच्या गाडीनं जायचं, दिवसभर थांबायचं, रात्रीच्याच गाडीनं परत. दोन्ही वेळा त्यांनी "आज उपास हाय" म्हणून वेळ मारून नेली. एकदा सोमवार होता आणि एकदा बुधवार. बुधवारी नाना कधीच उपास करत नाहीत, हे ताईला ठाऊक होतं.

या खेपेला उपास चालणार नव्हता. नानांना साखर आहे, आणि तिचा परिणाम डोळ्यांवर झाला आहे. दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, पिंपरीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. तपासण्या चार दिवस चालणार होत्या. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, आणि जेवण वेळेवर व्हायला हवं. सोबत मी गेलो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवतो. कॉलेजात असताना पहाटेची गाडी पकडायची म्हणून ताई माझ्या आधी उठून डबा करायची. तिची शाळा दहावीला थांबली, माझी पुढे चालू राहिली. तिच्या भाकरीवर मी शिकलो, आणि तिच्याच गावी चार दिवस दुसऱ्यांच्या भाकऱ्या खाल्ल्या. ते कसं झालं आणि काय काय खाल्लं, ते लिहितो.

संत तुकाराम नगर

रात्रभराच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वल्लभनगरच्या स्थानकावर उतरलो आणि रिक्षानं पाच मिनिटांत ताईच्या दारात पोचलो. ती संत तुकाराम नगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. दोन खोल्या आणि छोटंसं स्वयंपाकघर. दारात सदाफुलीची कुंडी. ताईनं दार उघडलं, नानांच्या पाया पडली आणि आतून तांब्या-पेला घेऊन आली. नानांनी पिशवीतून आपली बाटली काढली. घरून भरून आणलेली.

"अजून हाय पाणी ह्यात," ते म्हणाले.

ताईनं तांब्या ओट्यावर परत ठेवला. पोह्यांची बशी मला दिली. नियम माझ्यासाठी नव्हता, पण नानांना सोडून खाववेना, म्हणून मी बशी हातातच धरून बसलो. त्यावर दाजीच बोलले. दाजी मूळचे केजकडचे, बोलायला मोकळे. सासऱ्यांना ते आमच्याकडच्या रीतीनं मामा म्हणतात.

"मामा, एक विचारू का? तुमच्या नेमात हॉटेल बसतंय का?"

नानांनी थोडा विचार केला. "हॉटेलचं काय? ते काय कुणाच्या लेकीचं घर न्हाई."

"कुणाच्या तरी लेकीचंच असतंय," ताई आतून म्हणाली.

"पैसे मात्र मी देणार," नाना म्हणाले. असं ठरलं.

दुपारी आम्ही जवळच्याच एका खाणावळीत गेलो. दाजींची दुसरी पाळी होती, त्यांना लवकर निघायचं होतं. पिंपरी-चिंचवडात अशा खाणावळी गल्लोगल्ली आहेत. कंपनीत काम करणारी, खोली करून राहणारी पोरं तिथं महिन्याचं जेवण लावतात. पाट्यांवर जिल्ह्यांची नावं असतात. सोलापुरी, खानदेशी, वऱ्हाडी. माणूस ज्या गावाहून आला त्या गावाची चव शोधत तो फिरत असणार. आम्ही गेलो ती सोलापुरी होती. गल्ल्यावर एक बाई बसल्या होत्या. कपाळाला मोठं कुंकू, आणि कानाला लावलेला फोन खांद्यानं दाबून धरलेला.

दाराशी पोरांची गर्दी होती. "मावशी, दोन पार्सल द्या ना," एक जण म्हणाला.

"पार्सल बंद हाय," मावशी फोन न काढता म्हणाल्या. "बसून खायचं असंल तर पाच मिनिटं थांबा."

"मावशी, शिफ्ट आहे हो."

"शिफ्ट समद्यांनाच हाय. पार्सल बंद म्हणजे बंद."

नानांनी मला विचारलं, "पार्सल कशाला न्यायलेत ही पोरं?"

"घरी नेऊन खातात, नाना."

"घरी नेऊन हॉटेलचंच खायचं, तर मग घर कशाला?"

 ताई मान उंच करून रिकामं टेबल दिसतंय का ते पाहू लागली.

पाच मिनिटांची दहा झाली आणि आम्हाला टेबल मिळालं. वाढणाऱ्यानं चार ताटं एकदम आणून ठेवली. शेंगदाण्याची आमटी, वांग्याची भाजी, दोन पोळ्या, भात, कांदा. नानांनी सवयीनं घास घेतला आणि मग थांबले. समोर ताई जेवत होती. आमच्या घरी आधी पुरुष जेवतात. बायका नंतर, आत. माझ्या आठवणीत नाना आणि ताई समोरासमोर बसून कधी जेवलेले नव्हते. आई आणि नाना तर नाहीतच. इथं शेजारच्या टेबलावर एक मुलगी एकटी जेवत होती, फोन भांड्याला टेकवून ठेवलेला. तिला बरं वाटावं म्हणून नानांनी मान दुसरीकडे फिरवली. दुसरीकडे ताई होती.

"तुझी आमटी गार व्हायली," शेवटी ते म्हणाले.

"खाते," ती म्हणाली.

त्या जेवणात एवढंच बोलणं झालं. आमटी चांगली होती. आमच्याकडे असते त्यापेक्षा घट्ट, आणि तिखट घशाशी उशिरा कळतं.

पिंपरी कॅम्प

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे सकाळीच जायचं होतं. दाजी म्हणाले, वाटेत कॅम्पात नाश्ता करू. पिंपरी कॅम्पात फाळणीच्या वेळी आलेली सिंधी कुटुंबं वसली, आणि आज तो मोठा बाजार आहे. कापडाची दुकानं, भांडी, चपला, लग्नाच्या शेरवान्या. सकाळी सगळी शटरं बंद होती. उघडं होतं ते फक्त एक नाश्त्याचं दुकान. पाच-सहा टेबलं, भिंतीवर सिंध्यांच्या झुलेलाल देवाची तसबीर, आणि गल्ल्यावर पांढऱ्या बनियनवर जाकीट घातलेले एक काका.

दाल-पकवान म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. पकवान म्हणजे मैद्याची मोठी, कडक, तळलेली पुरी, पापडासारखी मोडणारी. त्यावर किंवा त्यासोबत हरभऱ्याची शिजवलेली डाळ, वर चिंचेची चटणी आणि कांदा. नानांना साखरेमुळे पकवान अर्धंच घ्यायला सांगितलं होतं. त्यांनी डाळ पुन्हा मागून घेतली.

"गहू हाय का हे?" त्यांनी काकांना विचारलं.

"मैदा है बाबा. पण घरचं तेल. खाओ, काही होत नाही," काका म्हणाले. काकांची मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात सुखानं राहत होत्या.

दाजी हात धुवायला म्हणून उठले. थोड्याच वेळात गल्ल्यावरचं लाल डबडं मोठ्यानं बोललं. आमच्या तालुक्यातही आता ही डबडी आली आहेत. फोनवरून पैसे आले की ती रक्कम साऱ्या दुकानाला ऐकवतात. नाश्त्याला आलेले आम्हीच पहिले होतो. दुकानात दुसरं कुणी नव्हतंच. त्यामुळे पैसे कुणाचे, हा प्रश्न उरला नाही.

नाना ताठ बसले. "जावईबापू."

दाजी ओले हात झटकत आले. "मामा, अहो सवयीनं दिले गेले."

"परत घ्या. मी देतो." नानांनी बंडीतून पाकीट काढलं आणि काकांपुढे नोटा धरल्या. "ह्यांचे परत द्या, माझे घ्या."

काकांनी दोन्ही हात मागे घेतले. "बाबा, ये बोहनी है. सुबह की पहली बोहनी. परत नाही देत. दिवस खराब जाईल माझा."

"माझा नेम मोडंल त्याचं काय?"

"कौन सा नेम?"

 काकांनी एकदा दाजींकडे, एकदा ताईकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना कळलं. त्यांच्या लोकांतही असलं काही असेल. मग त्यांनी नानांच्या हातातल्या नोटा घेतल्या, गल्ल्यात न टाकता टेबलाला वळसा घालून आले आणि दाजींच्या खिशात कोंबल्या.

"हो गया. पैसा बाबा का. जमाईनं फक्त पोचवला."

हा निकाल नानांना पटला. त्यांनी मडक्यातलं पाणी मागितलं आणि पेला वर धरून प्यायले. ताई ते पाहत होती.

"नाना, माझ्या घरचं पाणी चालत न्हाई. हे कसं चालतंय?"

"हे विकतचं हाय, सुनंदा."

"पाणी फुकट देतेत ते."

"दुकानातलं हाय. दुकानात चालतंय."

"मग मी पण पाटी लावते दारावर," ताई म्हणाली. "चालेल का?"

दाजी हसले. मीही हसलो. नानांनी मिशी पुसली आणि डॉक्टरांची वेळ झाली असं सांगितलं.

हिंजवडी

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी महेशनं बोलावलं. दाजींनी त्या दिवसापुरती पाळी बदलून घेतली. महेश माझा कॉलेजातला मित्र. आम्ही एका बाकावर बसायचो, पण त्याचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. तो हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे. पिंपरीहून तिथं जायला रिक्षाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आम्ही आमच्याकडे एक तालुका ओलांडतो. रस्त्यावर कंपन्यांच्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या आणि त्यांच्या खिडक्यांत माणसं डोकं टेकून झोपली होती. नाना म्हणाले, "बाजार सुटल्यावर बैलगाड्या निघाव्यात तसं हाय. पण बैल चालत तरी राहतेत."

महेशनं नेलं ते हॉटेल नव्हतं, हॉटेलांचा बाजार होता. एका मोठ्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चारी बाजूंना खिडक्या-खिडक्यांची दुकानं आणि मध्ये सगळ्यांची मिळून टेबलं. आपण हवं त्या खिडकीवर सांगायचं, ते हातात एक चपटी चकती देतात, जेवण तयार झालं की चकती थरथरते आणि तिच्यावर दिवे लागतात. मग उठून आपणच आणायचं. महेशनं दोसा, नूडल्स आणि आणखी काही मागवलं. नानांनी दहीभात सांगितला. चकती सांभाळायला नानांकडे दिली. त्यांनी ती तळहातावर ठेवली, अंगारा धरावा तशी.

महेशच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. जाडा झाला आहे. ताईला पाहून तो उठून उभा राहिला.

"ताई, तुला सांगू? कॉलेजची तीन वर्षं मी ह्याच्या डब्यातलं पिठलं खाल्लंय. हा अर्धा उपाशी राहायचा."

"मला माहितेय," ताई म्हणाली. "म्हणून चार भाकरी द्यायचे."

"दोन माझ्या होत्या?"

"दोन तुझ्याच होत्या. ह्याला दोनच लागतेत."

हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. महेश खूश झाला. आणि त्या खुशीतच, काही मनात न ठेवता, त्यानं विचारलं, "मुलं किती गं ताई? कितवीत आहेत?"

"नाहीत रे."

 दाजींनी टेबलावरचा कागदी रुमाल चौकोनी घडी करून ठेवला. त्याच वेळी नानांच्या तळहातावरची चकती थरथरायला लागली, तांबडे दिवे लागले, आणि नानांनी ती दचकून ताईच्या हातावर टाकली.

"जेवण झालंय वाटतं," ताई म्हणाली, आणि उठून आणायला गेली.

जेवताना महेश सावरला. तो चांगला मुलगा आहे. "ताई, मी एक दिवस जेवायलाच येणार तुझ्याकडे. घरचं खाऊन किती दिवस झाले, आठवत नाही."

"ये की," ताई म्हणाली. "तुला चालतंय."

ती हे कुणाकडेही न पाहता म्हणाली. नाना दहीभात कालवत होते. बराच वेळ कालवत राहिले. आमच्या आजूबाजूला सगळी तरुण मुलं-मुली होती, हसत होती, एकमेकांच्या ताटातलं उचलून खात होती. आमच्याकडे उष्टं म्हणून हात मागे घेतात. इथं तसं कुणी मानत नव्हतं, आणि त्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं. हे मी नुसतं नोंदवून ठेवतो.

चाकण रस्ता

या पट्ट्यातल्या पुष्कळ कंपन्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे इथला रविवार म्हणजे गुरुवार. हॉटेलं भरतात, बागा भरतात, बायका ठेवणीतल्या साड्या नेसतात. गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी नानांच्या डोळ्यांत थेंब घालून शेवटची तपासणी केली. औषधानं आटोक्यात राहील असं सांगितलं. थेंबांमुळे दिवसभर धूसर दिसेल, असंही सांगितलं. दुपारी दाजींचा मित्र बबन त्याची जुनी गाडी घेऊन आला.

बबन दाजींच्याच कंपनीत काम करतो, पण तो तिथलाच, मूळ गावकरी. त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली. रस्त्याला लागून उरलेल्या तुकड्यावर घरच्यांनी हॉटेल काढलं आहे. भोसरी, मोशी मागे पडली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, आणि दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती लागल्या. नव्या कोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबच लांब ट्रक उभे होते. मध्येच एखादं कांद्याचं शेत, आणि त्याच्या बांधाला लागून पुन्हा भिंत.

हॉटेल म्हणजे आंब्याच्या झाडांखाली मांडलेली टेबलं, वर पत्रे, आणि एका कडेला उघड्यावर दोन चुली. चुलीवरची भाकरी, असा फलकच होता. चुलीपाशी फक्त एक म्हातारी होती, बबनची आई. भाकरी करायला येणाऱ्या दोन्ही बायका गावच्या जत्रेला गेल्या होत्या. गिऱ्हाईक मात्र नेहमीपेक्षा जास्त. भरलं वांगं आलं, पिठलं आलं, ठेचा आला, आणि बबन डोकं खाजवत आला.

"नाना, भाकरीला टाईम लागंल. आईचं हात दोनच हायती. तंदुरी रोटी चालंल का?"

नानांना दात कमी आहेत. ती रोटी त्यांना चावत नाही. आणि गोळीची वेळ झाली होती. "चालंल की," ते तरीही म्हणाले.

ताई उठली. ओढणी कमरेला खोचली आणि चुलीकडे चालू लागली.

"अवो वैनी!" बबन मागे धावला. "तुमी गिऱ्हाईक हाय, बसा की."

"गिऱ्हाईक नाना आहेत," ताई म्हणाली. "पीठ कुठंय?"

आम्ही बसलो होतो तिथून चूल दिसत होती. नानांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. बबनच्या आईनं काही न विचारता परात ताईकडे सरकवली. आधी म्हातारीच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता, जड, थांबून थांबून. मग त्यात दुसरा मिसळला. भराभर, हलका, एका लयीत. घरी पहाटे अंथरुणात पडून मी तो आवाज कितीतरी वर्षं ऐकला आहे. नाना पेल्याशी चाळा करत होते. ते थांबले.

"सुनंदा कुठं गेली?"

"हात धुवायला," दाजी म्हणाले.

"हं."

भाकरी आली. चाकणकडची भाकरी लहान असते, जाडसर. ही ज्वारीची होती, पातळ, ताटाच्या दोन्ही काठांवरून बाहेर गेलेली, आमच्याकडे असते तशी. नानांनी डोळे बारीक करून ती पाहिली. मग बोटांनी काठावरून काठापर्यंत चाचपली. दाजी माझ्याकडे पाहत होते, मी दाजींकडे. आम्ही दोघंही जेवत नव्हतो. हे हॉटेल होतं. कुणाच्या लेकीचं घर नव्हतं. नियम मोडत नव्हता. पण तो लेकीच्या हातच्या अन्नासाठी आहे, हे दाजींना, मला आणि नानांनाही ठाऊक होतं, आणि तेच अन्न आता नानांच्या पुढ्यात होतं, गरम.

नानांनी तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि खाल्ला. दुसरा मोडला.  संपल्यावर त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं, आणि बबननं त्यावर दुसरी भाकरी टाकली.

थोड्या वेळानं बबनची आई हात पुसत आली. "ती थापतीया ती लेक कुनाची वो? लय हलका हात हाय. माझ्या पन्नास भाकरी उरकून दिल्या तिनं."

"माझी," नाना म्हणाले.

ताई परत आली तेव्हा तिच्या भुवयांवर पीठ होतं आणि चेहरा चुलीनं लाल झाला होता. तिनं गार झालेलं पिठलं खाल्लं. 

परतताना मोशीच्या आधी गाड्या अडकल्या. बबननं इंजिन बंद केलं. नाना पुढच्या सीटवर होते. मध्येच, कुणी काही विचारलं नसताना, ते बोलायला लागले.

"आमची अक्का व्हती. माझ्याहून थोरली. तिला लेकरू झालं न्हाई. आमचे दादा, म्हंजे माझे वडील, दर बाजाराला तिच्याच गावाला जायचे. तिच्या दारावरूनच वाट. कधी आत जाऊन घोटभर पाणी घेतलं न्हाई. अक्का तांब्या घेऊन दारात उभी राहायची. ते 'बरी हाईस का' म्हणायचे अन् फुडं जायचे."

"मग?" बबननं विचारलं.

"मग काय? मेली."

पुढचा ट्रक हलला. बबननं गाडी सुरू केली. ताई मागे माझ्या शेजारी बसली होती, खिडकीबाहेर पाहत. अक्काआत्याबद्दल आम्ही लहानपणी पुष्कळ ऐकलं होतं. तांब्याचं ऐकलं नव्हतं.

निघताना

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं परतायचं होतं. ताई नेहमीसारखी लवकर उठली. ती आणि दाजी रोज घरचंच खातात, त्यामुळे तिचा स्वयंपाक चारही दिवस चालूच होता. फक्त आम्ही त्याचा वास घेऊन बाहेर जात होतो. त्या दिवशी घरभर येसराच्या आमटीचा वास होता. भाजलेली धान्यं, धने, सुकं खोबरं. नाना आंघोळ करून, टोपी घालून तयार झाले. दाजींनी बॅगा दाराबाहेर ठेवल्या. खाली रिक्षा येऊन उभी होती.

नानांनी वहाणा घातल्या. उंबऱ्याबाहेर जाऊन ते वळले.

"सुनंदा."

"काय नाना?" ताई स्वयंपाकघराच्या दारात आली. हातांना पीठ होतं.

"दोन भाकरी अन् थोडी आमटी पार्सल दे. गाडीत खातो."

मला मनातून नानांचं कौतुक वाटलं. एसटी कुणाच्या लेकीचं घर नाही. नियमही राहिला आणि लेकीच्या चुलीवरचंही झालं. यापेक्षा जास्त त्यांच्याकडून मी मागितलं नसतं. दाजी तर डबा शोधायला आत वळलेही.

ताई जागची हलली नाही.

"पार्सल बंद हाय," ती म्हणाली.

दाजी थांबले.

"बसून खायचं असंल तर पाच मिनिटं थांबा." आवाज थेट त्या खाणावळीतल्या मावशींचा होता.

कुणी हसलं नाही. शेजारच्या दारात दुधाची पिशवी ठेवलेली होती, नाना तिच्याकडे पाहत उभे राहिले. खालून रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. ताई पदरही न सावरता तशीच उभी होती, पिठाचे हात अंगापासून दूर धरून. ती मागे सरणार नव्हती. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. घरी मागे सरायची वेळ आली की तीच सरायची.

"आत टेबल हाय का रिकामं?" नानांनी विचारलं.

"हाय की," ताई म्हणाली. "कधीचं रिकामंच हाय."

नानांनी भिंतीला हात टेकला आणि एक वहाण काढली. मग दुसरी. आत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दाजींच्या जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीवर बसले. ताईनं आधी पाणी ठेवलं. ते त्यांनी सगळं प्यायलं. मग तिनं ताट आणलं. भाकरी ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, वाटीत आमटी, कांदा बुक्की मारून फोडलेला. माझंही ताट आलं, दाजींचंही. नाना भाकरीवर हात ठेवून तसेच बसले होते.

"नाना, गार होईल," ताई म्हणाली.

"तू बी बस," नाना म्हणाले. "हॉटेलात समदे संगंच बसतेत."

ताईनं हात धुतले, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि नानांच्या समोर बसली. दाजींनी हळूच फोन काढला. नानांची नजर लगेच तिकडे गेली.

"काय करायलात, जावईबापू?"

"काही न्हाई मामा. दुपारच्या गाडीची तिकिटं बघतोय. ही तर आता सुटली असंल."

"जाऊ द्या," नाना म्हणाले, आणि त्यांनी भाकरी मोडली.